शुक्राच्या पोथीचं उद्यापन

वहिनी, तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी किसन ओट्यावर येऊन बसला. मला वाटलं, समाचाराला आलाय. चार शब्द बोलेल, तंबाखू मळेल, जाईल. पण तो उठायचं नाव घेईना. कचेरीची वेळ झाली, मी टोपी घातली, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. "नाना, वयनींची शुक्राची पोथी तेवढी उरकून घ्या. लई लांबली. उद्यापन झालं म्हंजी सोनीला लावून देता यील."

दिवस हसण्याचे नव्हते, तरी मला हसू आलं. तुम्हालाही आलं असतं. तो जिला पोथी म्हणत होता ती मी नगरच्या वाचनालयातून आणलेली, लढाईच्या दिवसांतल्या पिवळट कागदावर छापलेली एक शास्त्रीय कादंबरी. मुंबईचा एक प्राध्यापक, त्याचा विद्यार्थी आणि पैसा पुरवणारा एक शेठ, असे तिघे यंत्रात बसून शुक्रावर जातात आणि परत येतात, एवढीच तिची हकीकत. माझ्या मते दोन दुपारच्या झोपांचा ऐवज. तुम्ही ती श्रावणात सुरू केलीत आणि कार्तिक उलटला तरी दोन प्रकरणं उरलेलीच होती.

हसू ओसरलं ते सोनाच्या नावाने. नवऱ्याने टाकलेली ही किसनची बहीण सहा-सात वर्षं भावाकडे राबते आहे. नवऱ्याने पाथर्डीकडची दुसरी केली, ती यंदा पोरं मागे टाकून वारली, आणि आता त्याला सोनाची आठवण झाली. तिला परत धाडायला किसन तयार झाला. तुम्ही मात्र नगरच्या डॉक्टरीणबाईंशी परस्पर बोलून ठेवलं होतंत, की या मुलीला बायकांच्या दवाखान्यात सुईणीचं शिक्षण द्या. सोना ना हो म्हणे, ना नाही. "पोथी झाली की सांगते," एवढंच तिचं उत्तर. आणि व्रतात बसलेली बाई मधूनच उठवून लावून देणं किसनलाही बरं वाटेना, म्हणून तो थांबला होता. आता तुम्ही गेलात, पोथी मात्र तिथेच अडली.

कादंबरीचं व्रत झालं कसं, याचा दोष तुम्ही माझ्यावर ढकलत होतात. म्हणे पुस्तक तुम्ही आणलंत. पण दरवर्षी चातुर्मासात देवीच्या सभामंडपात दुपारची पोथी वाचणाऱ्या तुम्ही. पोथी संपली तरी बायका उठत नाहीत म्हणून त्यांना कादंबऱ्यांची चटक लावणाऱ्याही तुम्हीच. मागच्या वर्षी ती क्षयाने झिजणाऱ्या नायिकेची कादंबरी घेतलीत, तेव्हा शेवंताबाई म्हणाल्या होत्या की ह्या बाईला कुणी दोन वेळा पोटभर जेवायला घातलं असतं तर हे बुक झालंच नसतं. कादंबरीवर इतका नेमका अभिप्राय मी पुण्याच्या मासिकातही वाचलेला नाही. त्याच शेवंताबाईंनी यंदा ठरवून टाकलं की गोष्ट शुक्राची, सुरू झाली श्रावणातल्या शुक्रवारी, तेव्हा हे शुक्रवारचंच व्रत. पुढच्या खेपेला त्या गूळ-फुटाणे घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या खेपेला पुस्तकाला हळदकुंकू लागलं. मी कपाळाला हात लावला, तर तुम्ही म्हणालात, "असू द्या हो भाऊजी. निदान हात धुऊन तरी ऐकतात." पुस्तकाची मुदत वाढवायला मी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून धक्के खात नगरला जातो, आणि ते हळदकुंकू ग्रंथपालाच्या नजरेला पडू नये म्हणून पुस्तक मुद्दाम घरीच ठेवतो.

मी काही मोठा वाचणारा नव्हे, हे तुम्ही चारचौघांत सांगत असा आणि ते खरंच होतं. मला कादंबरी लागते ती जेवणानंतर पान लागतं तशी. आडवं व्हावं, पुस्तक छातीवर घ्यावं, डोळा लागेपर्यंत वाचावं. आणि सगळ्यात आधी मी शेवटचं पान पाहून घेतो. माणसं सुखरूप घरी पोहोचणार असतील तर मधला त्रास सोसायला माझी हरकत नसते. तुम्हाला ही सवय सोवळ्यात शिवाशिव केल्यासारखी वाटायची. तुमचं वाचन निराळंच. चुलीवर आमटी उकळत असताना उभ्याने वाचायचं, आणि प्राध्यापकमजकूर जिथे पृथ्वीच्या ओढीबद्दल पानंच्या पानं व्याख्यान देतात, जी मी सरळ उलटतो, ती तुम्ही दोनदा वाचायच्या.

एकदा मी तुम्हाला विचारलं, या शास्त्रीय कादंबऱ्यांत तुम्हाला सापडतं तरी काय? माणसं म्हणाल तर बाहुल्या. यंत्राचा प्रत्येक खिळा सांगतील, पण ही तीन माणसं जेवतात काय आणि झोपतात कुठे, याचा पत्ता नाही. तुम्ही पोळी उलटत म्हणालात, "भाऊजी, तुमच्या त्या दुसऱ्या कादंबऱ्यांत तिसऱ्या प्रकरणालाच कळतं कुणाचं लग्न कुणाशी लागणार. इथे मला पुढच्या पानावर आभाळाचा रंग कुठला असेल तेसुद्धा ठाऊक नसतं." पण जेवणाखाण्याचा माझा मुद्दा तुम्ही मनात ठेवून घेतलात, हे मला तेव्हा कळलं नाही.

आपलं खरं भांडण शेवटावरून. शुक्रावर सदा ढग, सदा पाऊस. तिथल्या माणसांनी सूर्य पाहिलेला नाही, तारे पाहिलेले नाहीत. आपल्या दुष्काळी जामखेडच्या बायकांना ते ऐकून धन्य वाटलं आणि लगेच त्यांनी विचारलं, मग धुणं वाळतं कुठे? ते असो. शेवटी तिघे परत येतात आणि प्राध्यापक आपल्या हाताने यंत्र मोडून टाकतात. माणसाने माणसाच्या जागी राहावं, असं म्हणतात आणि घरी जाऊन जेवतात. मला हा शेवट फार आवडला. त्या सुमारास जपानवरच्या बाँबची सगळी हकीकत वर्तमानपत्रांतून येऊन गेलेली होती, म्हणून मी जरा जोरातच म्हणालो की बघा, यंत्रांचं शेवटी काय होतं ते, या प्राध्यापकाला अक्कल आहे. तुम्ही तेव्हा निवडणं टिपत होतात. मान वर न करता म्हणालात, "बाँब टाकणारेसुद्धा टाकून घरीच गेले ना जेवायला? घरी परत येण्यात एवढं काय आहे?"

मी म्हणालो, घरच सगळं आहे. तुम्ही म्हणालात, एवढ्या लांब जाऊन जसेच्या तसे परत आले तर गेले कशाला. मी म्हणालो, लेखकाने लिहिलंय ते लिहिलंय. तुम्ही म्हणालात, "मी शेवट तसा वाचणार नाही." मग कसा वाचाल, असं विचारलं तर "बघू" म्हणून सूप उचलून आत गेलात.

नंतर ताप आला. पहिल्यांदा आपण त्याला किरकोळ म्हणालो, मग डॉक्टर मुदतीचा म्हणाले. तापातही एक दिवस तुम्ही शुद्धीवर असताना मी गंमत म्हणून विचारलं की शेवटचं काय ठरलं. तुम्ही हसलात आणि पाणी मागितलंत. मला वाटलं, बऱ्या झाल्यावर सांगतील. आपलं घर दादा गेल्यावर तुम्ही चालवलंत, मला नोकरीला लावलंत, माझं लग्न केलंत. तुम्ही बऱ्या होणार नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरलीच नव्हती.

तर किसनला मी हो म्हटलं. बायकांत बसून पुरुषाने दुपारी कादंबरी वाचायची म्हणजे कचेरीत थट्टा होणार हे उघड होतं, आणि झालीही. अव्वल कारकुनांनी अर्ध्या दिवसाची रजा देताना विचारलं, नाना, आता वटपौर्णिमाही धरणार का? मी म्हटलं, साहेब, उपवास झेपत नाही. शुक्रवारी देवळात गेलो. तुमचा पाट मांडून ठेवला होता. त्यावर मी बसलो नाही, शेजारी सतरंजीवर बसलो.

छापलंय तेच वाचायचं, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही, हा माझा बाणा. खणखणीत आवाजात सुरुवात केली. "प्राध्यापकांनी यंत्राची दारे तपासली. विद्यार्थ्याने हवेचा दाब पाहिला. शेठजींनी त्या ढगाळ आकाशाकडे शेवटचे एकवार पाहिले." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी पुढे वाचत राहिलो. शेवंताबाईंनी काही वेळ दम धरला आणि मग विचारलं, "नाना, गोदू कुठं हाय?"

मी विचारलं, कोण गोदू?

वहिनी, तेव्हा सभामंडपात जो गलका झाला तो तुम्ही ऐकायला हवा होता. सगळ्यांनी एकदम मला सांगायला सुरुवात केली. गोदू म्हणजे शेठजींकडची स्वयंपाकीण. नवऱ्याने टाकलेली. यंत्र निघायच्या वेळी प्राध्यापक म्हणाले, बाईमाणूस नको. तेव्हा तीच म्हणाली, तीन पुरुष एवढ्या लांब जाताय, तर भाकरी कोण टाकणार? आणि परात घेऊन आत जाऊन बसली. यंत्राच्या तापल्या पत्र्यावर भाकरी भाजते ती गोदू. शुक्रावरच्या बायकांशी खुणांनी बोलायला शिकली ती गोदू. आणि मग तिथल्या एका बाईचं बाळंतपण अडलं, प्राध्यापक पुस्तकं चाळत बसले, तर गोदूने बाह्या सारून तिला सोडवलं. तेव्हापासून शुक्रावरच्या बायका अडल्या-नडल्या तिलाच हाक मारतात. आणखी दोघी-तिघींचे दिवस भरत आलेत, त्यांना तिने शब्द दिलाय. पोथी तिथवर आली होती.

मी पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. गोदू नाही. परात नाही. भाकरी नाही. छापील पुस्तकात शुक्रावरची माणसं अंड्यांतून निघतात, वहिनी. मी ते मिटलं, पुढच्या शुक्रवारी उद्यापन करू म्हणालो आणि उठलो. जाताना पाहिलं तर सोना खांबाला टेकून बसली होती. गलक्यात तिने एकटीनेच तोंड उघडलं नव्हतं.

घरी येऊन हिला विचारलं, तर ही शांतपणे म्हणाली, अख्ख्या गावाला गोदू माहीत आहे, तुम्ही तेवढे दुपारचे कचेरीत असता. मग तिने मला नीट सांगितलं. सोनासाठी तुम्ही गोदू काढलीत, आणि गोदूसाठी पोथी लांबवलीत. उद्यापन होईस्तोवर किसन तिला हलवणार नाही हे ओळखून दर शुक्रवारी गोदूचं नवं काहीतरी काढत होतात, म्हणजे त्या मुलीला विचार करायला तेवढा अवधी मिळेल. तिला सरळ "नगरला जा" असं का नाही म्हणालात, हे मी विचारलं. ही म्हणाली, वहिनी म्हणाल्या असत्या तर ती गेली असती, आणि पुढे जन्मभर वहिनींनी पाठवलं म्हणत राहिली असती.

मला आधी रागच आला. परक्याच्या छापलेल्या गोष्टीत आपलं माणूस घुसवायचं ही काय रीत झाली? माझ्या घरात, माझ्या नाकाखाली, मी आणलेल्या पुस्तकात. मग रात्रीची भाकरी खाताना मला तुमचा फार अभिमान वाटला. माझा तो जेवणाखाण्याचा टोमणा तुम्ही उचललात आणि त्यातून एक अख्खी बाई उभी केलीत. मी वाचलेल्या शास्त्रीय कादंबऱ्यांत बाहुली नसलेलं माणूस एकच, आणि ते छापलेलंच नाही.

आता शेवट माझ्या गळ्यात. तुम्ही काय योजलं होतंत ते मला ठाऊक नव्हतं. गोदूला यंत्रात बसवून परत आणली की सगळं जुळत होतं. छापील शेवट जसाच्या तसा राहिला असता, किसन खूश झाला असता, आणि माझा घरी परतण्याचा मुद्दाही शाबूत राहिला असता. तो आठवडाभर मी कचेरीत सारा-पत्रकं पुढे ओढून तुमच्याशीच भांडत होतो. पण कादंबरीतली एक गोष्ट मी आळशी वाचक असूनही मानतो. माणूस शेवटच्या पानावर एकाएकी दुसरंच माणूस होता कामा नये. दिवस भरलेल्या बायांना शब्द देऊन गोदू तीन पुरुषांच्या मागे यंत्रात चढली, असं कुणी छापलं असतं तर मी पुस्तक उशाशी टाकून झोपलो असतो. माझा त्यावर विश्वासच बसला नसता.

उद्यापनाला मंडप भरला होता. गूळ-फुटाणे होते, शिरा होता. किसन नारळ घेऊन पायरीवर बसला होता, बायकांत कसं यायचं म्हणून आत येत नव्हता. मी शेवटचं प्रकरण वाचलं. दारे मिटली, यंत्र उडालं, ढगांच्या वर आलं, शेठजींना सूर्य दिसला आणि ते रडले. तिथे मी थांबलो.

या वेळी शेवंताबाईंनी विचारलं नाही. सोनाने विचारलं. "आन् गोदू?"

मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. "गोदू यंत्रात नव्हती," मी म्हणालो. "ती तिथेच राहिली."

शेवंताबाई म्हणाल्या, एकटी? मी म्हटलं, ज्यांना तिने शब्द दिला होता त्या होत्या की तिच्याजवळ. प्राध्यापकांनी पुष्कळ हाका मारल्या, दार उघडं ठेवून वाट पाहिली. ती त्या वेळी एका बाळंतिणीपाशी होती, तिने तिथूनच हात हलवला. मग ते गेले. वहिनी, गोष्ट रचून सांगताना इतकं भ्यायला होतं हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत.

पायरीवरून किसन म्हणाला, "नाना, हे बुकात लिव्हलंय का?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. पुस्तक मांडीवर होतंच. "बुकात नाही," मी म्हणालो. "पोथीत आहे."

सोना उठली. तिने पाटाला हात लावून नमस्कार केला, तुमच्या रिकाम्या पाटाला. मग पायरीपाशी गेली आणि म्हणाली, "दादा, पोथी झाली. म्या सांगनार हुते न्हवं? म्या तिकडं न्हाई जात. म्या नगरला जाते."

किसन बराच वेळ हातातल्या नारळाची शेंडी नीट करत बसला. तो वाईट माणूस नाही, त्याला चारचौघांचं भय आहे. बहिणीला नांदवत नाहीत म्हणून लोक बोलतात, ते त्याने इतकी वर्षं ऐकलंय. "कुनी इचारलं तर काय सांगू?" असं त्याने विचारलं, ते मला की सोनाला हे कळलं नाही. मग तो उठला, आत आला आणि देवीसमोर त्याने नारळ फोडला. शेवंताबाईंनी शिरा वाटायला घेतला.

सोमवारच्या मोटारीने मी सोनाला नगरला सोडणार आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा निरोप धाडलाय. हिने तिला स्वतःची दोन लुगडी दिली आणि तुमचं पांघरूण दिलं. मला विचारलं नाही, आणि ते बरं केलं.

देवळातून परतताना मी भराभर चालत होतो, ते तुम्हाला सांगायचं म्हणून. वाटेत वाक्यंही जुळवली होती. दारात चप्पल काढताना नेहमीसारखी तुम्हाला हाक मारली आणि आतून ही बाहेर आली. तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं नव्हतं. त्या दिवशी ओट्यावर बसून मी लहान पोरासारखा रडलो.

प्राध्यापकांच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. त्यांनी परत यायला हवं होतं, यंत्र मोडलं तेही बरोबर केलं, आणि यावर आपलं भांडण मी मिटलेलं समजत नाही. गोदूला मात्र मी तिथेच ठेवली. तुम्ही काय केलं असतंत ते मला कधीच कळणार नाही. माझं चुकलं असेल, वहिनी, तर ते सांगायला तुम्ही हव्या होतात.